डावीकडच्या कळा

ओतियाची खुर्ची मला ऑक्टोबरात मिळाली,
खुर्चीबरोबर त्याचा संगणक
आणि बाद्रीसाहेबांचं एक वाक्य:
"आहे तसा वापर, मारेखी, नवा घ्यायला पैसे नाहीत."

कुताइसी. जमिनीच्या नकाशांचं कार्यालय, दुसरा मजला.
खिडकीतून रिओनी दिसते,
म्हणजे पाण्यापेक्षा तिचे पांढरे गोटेच जास्त.

पहिल्याच दिवशी कंट्रोल आणि पी दाबलं,
प्रिंटर ढिम्म.
विंडो बंद करायला गेले
तर ती सरकून डाव्या कडेला जाऊन बसली
रुसलेल्या पाहुणीसारखी.
त्यात आमची लिपी.
तिला लहान-मोठी अक्षरं नाहीत,
शिफ्ट दाबलं की अक्षर मोठं होत नाही, वेगळंच होतं,
र-च्या जागी घशातला घ.
आणि आल्ट-शिफ्ट, जिथं सगळ्यांची भाषा बदलते,
तिथं ह्या माणसानं टांगून ठेवलेला कॅल्क्युलेटर!

आठवडाभर सोसलं.
मग सेटिंगमध्ये शिरले,
कीबोर्ड, त्याच्या पोटात शॉर्टकट,
अगदी तळाशी, 'स्वतःचे'.
एकतीस ओळी.
छपाई: सुपर आणि डब्ल्यू.
हद्दीची रेघ: सुपर, शिफ्ट, झेड.
'चहा' नावाची एक, तिनं नुसती घंटा वाजायची.
'नातेला' नावाची एक,
ती उघडू बघायची कुठलीशी फाइल
आणि म्हणायची, सापडत नाही.

कोण लक्षात ठेवणार हे?
वरच्या कोपऱ्यात बटण होतंच.
सगळं मूळ जागी आणायचं का, यंत्रानं विचारलं.
यंत्रानं विचारलं की आपण हो म्हणतोच.
पी-वर प्रिंट आलं. मला घरी आल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत ओतिया आला, त्याचा चहाचा ग्लास राहिला होता म्हणून.
साहेब म्हणाले, आलाच आहेस तर
तो खोनीचा जुना नकाशा तेवढा काढून दे.
तो उभ्यानंच वाकला,
डावा हात कळांवर पडला, न बघता,
तबल्यावर पडावा तसा,
आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी उघडलं.
पुन्हा. पुन्हा भलतंच.
"बिऱ्हाड हलवलंस वाटतं," तो हसून म्हणाला,
नि एका बोटानं माउस ढकलत
फाइल शोधत बसला.

तेव्हा मी त्याचा दुसरा हात पाहिला.
कोटाच्या खिशात होता.
नऊ वर्षं मी समोरच्या टेबलावर बसले,
तो हस्तांदोलनाला डावा हात पुढं करायचा
आणि मला वाटायचं, तऱ्हेवाईक आहे झालं.
क्यू, डब्ल्यू, ए, एस, झेड.
एकतीस ओळींत एकही कळ
मधली रेघ ओलांडून उजवीकडे गेली नव्हती.

कळ मी रोज दाबत होते. कळलं हे असं.

तो गेल्यावर दिवे मालवायला आलेल्या त्सियाला म्हटलं, थांब जरा.
उजवा हात मांडीखाली दाबून धरला
आणि एकेक ओळ परत भरायला घेतली.
अंगठा सुपरवर, करंगळी शिफ्टवर,
मधलं बोट ताणून ताणून दुखायला लागलं.
ही जुळणी आधीच दुसऱ्या कामाला दिली आहे,
तिकडून काढून घ्यायची?
हो. हो. हीसुद्धा हो.

एकोणीस आठवल्या.
कशासाठी, ते विचारू नका,
तो काही परत कामावर यायचा नाही
आणि मला दोन हात आहेत.

विसाव्या ओळीत नाव लिहिलं, नातेला.
पुढं काय होतं?
ए होता की क्यू?
नवी जुळणी दाबा, असं म्हणत
चौकोन लुकलुकत राहिला.
त्सियानं जिन्यातला दिवा बंद केला.